उंदराच्या पिल्लाला दूध नंतर, आधी ऊब

कपाट सरकवताना घरटं मोडलं, आई पळाली, एक पिल्लू मागे राहिलं. डोळे मिटलेले, अंगावर बारीक लव. ड्रॉपरनं गाईचं दूध देऊन पाहिलं तर तोंडच उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते दूध आधी बाजूला ठेवा. पिल्लू पीत नाही कारण ते गार पडलंय. या वयात त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गार पोटात दूध पचत नाही, नुसतं साचतं. गारठ्यानं बरीच पिल्लं जातात.

छोट्या खोक्यात टिश्यू पेपर किंवा जुनं सुती कापड घाला. कापूस नको, त्याचे तंतू पायांना गुंडाळले जातात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला सरकता येईल. हाताला ते कोमट लागलं, गुलाबी दिसलं, वळवळलं की मगच पुढचं.

आणि हो, आईला एक संधी द्याच. माणसाचा वास लागला की ती पिल्लू टाकते, हा समज खरा नाही. ऊब असलेलं उथळ खोकं घरट्याच्या जागेजवळ ठेवा आणि तीन-चार तास तिकडे फिरकू नका. पिल्लू आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात हाका मारतं, त्या तिला ऐकू येतात. आली तर तोंडात धरून नेईल. तिच्याइतकं चांगलं आपल्याला कधीच जमणार नाही.

नाहीच आली तर आधी कोमट ओआरएसचे एक-दोन थेंब, मग मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. ड्रॉपर नको. माझं पहिलं पिल्लू ड्रॉपरमुळेच गेलं: मी घाईनं दाबला, दूध फुप्फुसात गेलं, श्वासाला टिकटिक आवाज यायला लागला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून मी चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश वापरते. टोक दुधात बुडवून ओठाला लावायचं, ते स्वतः चाटतं. पिल्लू पालथं, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच धरू नका. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, पुसून घ्या. पोट भरलं की डाव्या बाजूला कातडीखाली पांढरा ठिपका दिसतो, तोवर पुरे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. (पहिले दोन दिवस मी गजर लावूनही झोपून राहिले होते, म्हणून आता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाटणीला घेते.)

बहुतेक लोक इथे चुकतात: दूध पाजल्यावर ओल्या कोमट बोळ्यानं शेपटीखाली अगदी हलकेच पुसायचं. आई चाटते तेव्हाच पिल्लू शी-शू करतं, आपण ते केलं नाही तर मूत्राशय तुंबून मरतं.

लव आलीय पण डोळे बंद, म्हणजे तुमचं पिल्लू साधारण 6 ते 12 दिवसांचं असावं. डोळे 13-14 व्या दिवशी उघडतात. मग भिजवलेले ओट्स आणि बाटलीच्या झाकणात पाणी ठेवायला सुरुवात करा. तीन आठवड्यांच्या आसपास दूध सुटतं.

हात दरवेळी साबणानं धुवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या पिल्लाला हातच लावू नये. उंदरांकडून येणारा एक विषाणू गर्भाला इजा करतो.

आणि श्वासाला ती टिकटिक आत्ताच येत असेल, तर आईची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. ऊब देत देतच पशुवैद्याकडे न्या, कारण ते आपल्या हातचं नाही.