वाचकांचे प्रश्न : पासवर्ड हॅशिंगचे धोरण कसे ठरवावे?

प्रश्न : आमचे पायथनमधील वेब अ‍ॅप्लिकेशन बरेच जुने आहे. वापरकर्त्यांच्या पासवर्डचे काही हॅश (पासवर्डवरून काढलेले, उलट न फिरवता येणारे सांकेतिक रूप) सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा यादृच्छिक मजकूर) नसलेल्या शा-वन या पद्धतीचे आहेत, काही एमडी-फाइव्ह-क्रिप्ट या पद्धतीचे आहेत आणि बहुतेक कॉस्ट (हॅश करायला किती मेहनत लागावी हे ठरवणारा आकडा) १० च्या बीक्रिप्ट या पद्धतीचे आहेत. आम्ही पासलिब ही लायब्ररी वापरतो. सेटिंगमध्ये बीक्रिप्टची डिफॉल्ट कॉस्ट १२ केली, तरी लोक रोज लॉगिन करत असूनही जुन्या नोंदी होत्या तशाच आहेत. कोणालाही पासवर्ड बदलायला न लावता हे सगळे हॅश नव्या पद्धतीवर कसे आणावेत?

उत्तर : आपला बदल योग्य आहे, परंतु तो अर्धाच झाला आहे. पासलिबमधील क्रिप्टकाँटेक्स्ट या घटकामध्ये जे धोरण लिहिले जाते, त्यात दोन स्वतंत्र गोष्टी सांगाव्या लागतात : यापुढचा हॅश कसा तयार करायचा, आणि साठवलेल्या हॅशपैकी कोणते आता अपुरे समजायचे. ‘डिफॉल्ट राउंड्स’ (बीक्रिप्टसाठी राउंड्स म्हणजे कॉस्टचाच आकडा) या सेटिंगने फक्त पहिली गोष्ट सांगितली जाते. दुसरी सांगण्यासाठी ‘मिन राउंड्स’ १२ असे लिहावे लागते. ते नसेल तर कॉस्ट १० चा हॅश लायब्ररीच्या लेखी नियमात बसतो आणि तो बदलण्याचे तिला कारणच उरत नाही. नुसते ‘राउंड्स’ लिहिले, तर किमान, कमाल आणि डिफॉल्ट असे तिन्ही आकडे एकदम ठरतात. ते सोयीचे आहे, पण पुढे कोणी तो आकडा खाली आणला, तर अधिक मजबूत हॅशही ‘बदलण्याजोगे’ ठरून कमकुवत होतील. म्हणून किमान आणि डिफॉल्ट हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत, असे माझे मत आहे.

पद्धतींच्या बाबतीतही हीच विभागणी लागू होते. धोरणातील यादीत सर्वांत आधी नवी पद्धत, म्हणजे आर्गॉन-टू, लिहावी आणि तिच्यानंतर बीक्रिप्ट, एमडी-फाइव्ह-क्रिप्ट व साधा शा-वन यांचा उल्लेख करावा. ‘डेप्रिकेटेड’ या सेटिंगला ‘ऑटो’ अशी किंमत दिली की पहिली सोडून बाकीच्या सर्व पद्धती कालबाह्य ठरतात : त्यांचे हॅश तपासले जातात, पण नवा हॅश त्या पद्धतीने तयार होत नाही. यादीतून जुनी पद्धत घाईने काढून टाकू नये. ती काढली की त्या पद्धतीचे हॅश लायब्ररीला ओळखताच येणार नाहीत आणि ते वापरकर्ते बाहेर राहतील.

एवढे झाल्यावरही डेटाबेसमधील एकही नोंद आपोआप बदलणार नाही. हॅशवरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही, त्यामुळे नवा हॅश करण्याची संधी वापरकर्ता स्वतः पासवर्ड टाइप करतो त्याच क्षणी मिळते. लॉगिनच्या कोडमध्ये नुसते ‘व्हेरिफाय’ असेल, तर ती संधी रोज येते आणि रोज वाया जाते. त्याऐवजी ‘व्हेरिफाय अँड अपडेट’ वापरावे. ते दोन किमती परत करते : पहिली पासवर्ड बरोबर आहे की नाही हे सांगते, दुसरी एरवी रिकामी असते, पण पासवर्ड बरोबर असून साठवलेला हॅश धोरणात बसत नसेल, तर तिच्यात तयार नवा हॅश मिळतो. तो डेटाबेसमध्ये लिहिण्याचे काम मात्र आपल्या कोडचे आहे. लॉगिन यशस्वी होते, कोणाची तक्रार येत नाही, आणि दुसरी किंमत कोणी वाचलेलीच नसते, असे कोड मी अनेकदा पाहिले आहेत.

बदल करण्यापूर्वी हॅशच्या रकान्याची लांबी अवश्य तपासावी. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो, म्हणून जुन्या टेबलांत त्या रकान्याला नेमकी तेवढीच जागा दिलेली आढळते. १६ बाइटचे सॉल्ट आणि ३२ बाइटचा निकाल धरला, तर आर्गॉन-टू-आयडी या आर्गॉन-टूच्या प्रकाराचा हॅश नेहमीच्या सेटिंगला ९७ अक्षरांपर्यंत जातो. काही डेटाबेस अशा वेळी त्रुटी देतात, तर काही जास्तीची अक्षरे मुकाट्याने कापतात. दुसऱ्या प्रकारात वापरकर्त्याचे आजचे लॉगिन सुरळीत होते आणि उद्यापासून त्याचा बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. रकाना २५५ अक्षरांचा करावा.

सॉल्ट नसलेल्या शा-वनच्या नोंदींसाठी मात्र पुढच्या लॉगिनची वाट पाहू नये. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, ते याच प्रकारचे होते. सॉल्ट नसल्यामुळे समान पासवर्डचे हॅश समान दिसतात आणि एकच शब्द एकदा हॅश करून सर्व नोंदींशी पडताळता येतो. जे वापरकर्ते वर्षानुवर्षे लॉगिन करत नाहीत, त्यांच्या नोंदी लॉगिनच्या मार्गाने कधीच सुधारणार नाहीत. त्यांच्यासाठी आज साठवलेला शा-वनचा हॅशच आर्गॉन-टूला पासवर्ड म्हणून द्यावा, येणारा निकाल वेगळ्या खुणेसह साठवावा आणि मूळ हॅश पुसून टाकावा. तपासताना आधी शा-वन आणि मग आर्गॉन-टू असा क्रम ठेवावा, आणि लॉगिन यशस्वी झाले की थेट पासवर्डवरून केलेला हॅश त्या जागी लिहावा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या दस्तऐवजांत याच पद्धतीचे वर्णन आहे; पासलिबमध्ये ती तयार मिळत नाही, त्यासाठी छोटासा कोड स्वतः लिहावा लागतो. आणि बॅकअपच्या जुन्या फाइलींमध्ये मूळ शा-वन तसेच राहिलेले असतात, त्यांची विल्हेवाट याच कामाचा भाग समजावी.

प्रश्न : आर्गॉन-टूसाठी मेमरी, फेऱ्या आणि समांतर धागे यांचे आकडे कोणते ठेवावेत? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे सुचवलेले दिसतात.

उत्तर : आकडे वेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या सर्व्हरसाठी सुचवलेले असतात. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग कॉम्पिटिशन आर्गॉन-टूने जिंकली आणि २०२१ मध्ये आरएफसी ९१०६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात त्याचे तपशील प्रसिद्ध झाले. त्या दस्तऐवजात पहिली शिफारस २ जीबी मेमरी, १ फेरी आणि ४ समांतर धाग्यांची आहे. मेमरी कमी असेल तेथे ६४ एमबी, ३ फेऱ्या आणि ४ धागे सुचवले आहेत. ओवास्प या वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात १९ एमबी, २ फेऱ्या आणि १ धागा ही किमान पातळी म्हणून दिलेली आढळते. यातील कोणताही आकडा डोळे झाकून उचलू नये. एका हॅशला ६४ एमबी लागत असतील आणि एकाच वेळी ५० लोक लॉगिन करत असतील, तर केवळ या कामाला ३ जीबीहून अधिक मेमरी लागेल, आणि खोटी लॉगिन पाठवून सर्व्हर बसवण्याचा मार्गही हल्लेखोराला मोकळा होईल. म्हणून प्रत्यक्ष ज्या सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन चालते, तेथेच, एकाच वेळी अनेक लॉगिन होत असताना, वेळ आणि मेमरी मोजावी. विकासकाच्या संगणकावर एकट्याने केलेली मोजणी दिशाभूल करते. मोजल्यानंतर सर्व्हरला जेवढी झेपेल तेवढी मेमरी आधी द्यावी आणि मग फेऱ्या वाढवाव्यात, कारण ग्राफिक्स कार्डवर लाखो अंदाज एकदम तपासणाऱ्याला सर्वाधिक अडथळा मेमरीचाच होतो. लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा असणे त्याबरोबर आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘मेमरी कॉस्ट’ ही सेटिंग किलोबाइटच्या मापात असते, म्हणजे ६४ एमबीसाठी ६५५३६ असे लिहावे लागते. तेथे नुसते ६४ लिहिले, तर प्रत्येक हॅशला फक्त ६४ केबी मेमरी लागेल, कोणतीही त्रुटी दिसणार नाही आणि आर्गॉन-टू निवडण्याचा हेतूच नष्ट होईल. साठवलेल्या हॅशमध्ये ‘एम’, ‘टी’ आणि ‘पी’ या अक्षरांपुढे हे तिन्ही आकडे उघड लिहिलेले असतात. बदलानंतर डेटाबेसमधील एक हॅश उघडून ते डोळ्यांनी पाहावेत.

प्रश्न : प्रशासकांच्या खात्यांसाठी जास्त कॉस्ट ठेवता येते का?

उत्तर : येते. पासलिबमध्ये ‘अ‍ॅडमिन’ अशी श्रेणी करून तिच्यासाठी वेगळे राउंड्स लिहिता येतात. तपासताना तीच श्रेणी कळवावी लागते. मात्र या खात्यांना दुसऱ्या घटकाची पडताळणी, म्हणजे टू-फॅक्टर, लावल्याने अधिक संरक्षण मिळते. आधी ते करावे.

प्रश्न : आम्ही बीक्रिप्टवरच राहणार आहोत. काही वापरकर्ते देवनागरीत लांबलचक वाक्ये पासवर्ड म्हणून ठेवतात. त्यात काही अडचण आहे का?

उत्तर : आहे, आणि ती गंभीर आहे. १९९९ मध्ये मांडलेले बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यात मात्रा, अनुस्वार व हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे मर्यादा २४ चिन्हांवर येते. ‘पासवर्ड’ या एका शब्दातच प, काना, स, व, र, हलन्त आणि ड अशी ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. चार-पाच शब्दांच्या वाक्याचा शेवटचा भाग अशा रीतीने निरुपयोगी होतो आणि तो चुकीचा टाइप केला तरी लॉगिन होते. पासवर्ड आधी शा-२५६ या हॅश पद्धतीमधून काढून मग बीक्रिप्टला देणे हा एक उपाय आहे, पण तो निकाल कच्च्या बाइटच्या रूपात देऊ नये. त्यात शून्य बाइट आला, तर अनेक अंमलबजावण्या तेथेच वाचन थांबवतात. पासलिबमधील ‘बीक्रिप्ट शा-२५६’ ही तयार पद्धत तो निकाल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, करून देते. वापरकर्ते देवनागरीत लिहिणारे असतील, तर माझा सल्ला आर्गॉन-टूकडे जाण्याचाच राहील, कारण तेथे व्यवहारात अशी मर्यादा जाणवत नाही.

प्रश्न : पासलिबची नवी आवृत्ती बऱ्याच काळात आलेली नाही. तिच्यावर विसंबावे का?

उत्तर : तिची १.७.४ ही आवृत्ती २०२० मध्ये आली. त्यानंतर पायथनच्या ३.१३ मधून ‘क्रिप्ट’ हे मॉड्यूल काढले गेले, आणि बीक्रिप्टच्या पायथन पॅकेजच्या ५.० आवृत्तीपासून ७२ बाइटहून लांब पासवर्ड कापला न जाता त्रुटी मिळू लागली, जिच्याशी पासलिबचे जमत नाही. चालू अ‍ॅप्लिकेशनमध्ये बीक्रिप्टच्या पॅकेजची आवृत्ती पक्की बांधून ठेवावी. नव्या कामासाठी आर्गॉन-टू-सीएफएफआय किंवा पीडब्ल्यूडीलिब या लायब्ररींचा विचार करावा. बीक्रिप्ट आणि आर्गॉन-टू यांच्या हॅशमध्येच पद्धत, सॉल्ट आणि आकडे लिहिलेले असल्यामुळे लायब्ररी बदलली तरी त्या नोंदी चालतात. एमडी-फाइव्ह-क्रिप्ट आणि शा-वन यांचे हॅश मात्र नवी लायब्ररी ओळखेलच असे नाही, म्हणून आपल्या डेटाबेसमध्ये आढळणाऱ्या प्रत्येक प्रकारचा एकेक हॅश, चाचणीसाठी केलेल्या पासवर्डवरून, चाचण्यांमध्ये ठेवावा आणि त्या सर्व चाचण्या नव्या लायब्ररीवर उत्तीर्ण झाल्याशिवाय जुनी काढू नये.