पांढऱ्या लांडग्याचे मालक

मागच्या सदरात ‘व्हाइट वूल्फ’ या अमेरिकन प्रकाशकाबद्दल जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: नव्वदच्या दशकात रोल-प्लेइंग गेमच्या धंद्यात ज्यांचा दरारा होता, ती कंपनी आता दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीतलं एक नाव झाली आहे. त्यावर बरेच प्रश्न आले. सारखे होते ते एकत्र केले आहेत, आणि भाषा थोडी छाटली आहे.

ही कंपनी नक्की विकते काय? पुस्तकं की कॉम्प्युटर गेम? मी ‘ब्लडलाइन्स’ हा व्हॅम्पायरांचा कॉम्प्युटर गेम खेळलो आहे, पण त्यामागे पुस्तकं आहेत हे आत्ताच कळलं.

मुळात पुस्तकं. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो (यांच्याकडे त्याला स्टोरीटेलर म्हणतात) आणि बाकीचे एकेक पात्र होतात. गोष्ट अडली की फासे टाकायचे. हे सगळं कसं करायचं ते सांगणारं जाडजूड नियमपुस्तक हा खरा माल.

१९९१ साली ‘व्हाइट वूल्फ’ नावाचं मासिक आणि ‘लायन रॅम्पंट’ ही छोटी गेम कंपनी एकत्र आली आणि त्याच वर्षी मार्क रीन-हागेनचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ बाजारात आला. तोवर या प्रकारच्या पुस्तकांवर तलवारी, ड्रॅगन आणि पिळदार दंड असायचे. इथे मुखपृष्ठावर हिरवट संगमरवर आणि त्यावर एक गुलाब, बस्स. आत उलटाच मामला: राक्षस मारायचा नाही, राक्षस तुम्हीच. माणुसकी किती शिल्लक आहे याचा आकडा कागदावर लिहिलेला, आणि खेळ पुढे सरकेल तसा तो घसरत जाणार. १९९२ ते १९९५ दर वर्षी एक नवा गेम आला: वेअरवुल्फ, मेज, रेथ, चेंजलिंग. १९९३ पासून टेबल सोडून, वेषभूषा करून प्रत्यक्ष वावरत खेळायची तऱ्हाही यांनी काढली. १९९६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर आठ भागांची मालिकासुद्धा येऊन गेली. कॉम्प्युटर गेम ही या झाडाची फांदी.

इतकं जोरात चाललं होतं तर घसरण कशामुळे? माझा मित्र म्हणतो, २००४ मध्ये स्वतःच स्वतःचं जग संपवलं, तिथेच घोडं पेंड खातं.

तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं समजायला या धंद्याची एक गोम सांगायला हवी. बाकी बहुतेक करमणूक वापरली की संपते. नियमपुस्तक संपत नाही. टेबलावर एक प्रत असली की सहा जणांचं दहा वर्षं भागतं. गिऱ्हाईक जितकं मनापासून खेळतं, तितकी त्याला दुसऱ्या पुस्तकाची गरज कमी. म्हणजे ज्याचा माल चांगला, त्याचीच पंचाईत.

यावर व्हाइट वूल्फने दोन तोडगे काढले. एक, विषयाचे तुकडे करा: व्हॅम्पायरांची तेरा कुळं, तर प्रत्येक कुळाचं वेगळं पुस्तक. शहरांची वेगळी, शत्रूंची वेगळी. दुसरा तोडगा जास्त हुशारीचा होता. पुस्तकागणिक जगाची गोष्टच पुढे सरकवायची. या पुस्तकात एक कूळ फुटलं, त्या पुस्तकात कुणी प्राचीन राक्षस जागा झाला. झालं असं की न खेळणारेसुद्धा पुढे काय झालं ते वाचायला पुस्तकं घेऊ लागले. काही वर्षं हे झकास चाललं. मग एखादा नवखा दुकानात यायचा, फडताळभर पाठमोरी पुस्तकं बघायचा आणि सुरुवात कुठून करू, असं विचारायचा. त्याला सरळ उत्तर देता येईना.

त्या कोंडीतून बाहेर पडायला २००४ मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं ज्याची धमकी दिली होती तो जगबुडीचा प्रसंग खरोखरच छापला, आणि ऑगस्टमध्ये कोरं करकरीत नवं जग आणलं, ‘व्हॅम्पायर: द रिक्विएम’ वगैरे. मला स्वतःला रिक्विएम आवडतो. नियम आटोपशीर आहेत, शहरापुरतं जग आहे, पाठांतर नाही. पण धंदा म्हणून बघाल तर जुन्या गिऱ्हाइकाला कंपनीनेच अधिकृतपणे कळवलं की तुमचं कपाट आता पूर्ण झालं. बऱ्याच जणांनी ते आनंदाने मान्य केलं आणि खिसा बंद केला. खेळ मात्र चालूच ठेवला, जुन्या पुस्तकांवर.

त्यात भर म्हणजे बाजारही तेव्हा आजारी होता. २००० मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या सगळ्यात पहिल्या रोल-प्लेइंग गेमचे नियम इतर प्रकाशकांना खुले झाल्यावर सगळ्यांनी त्या गाडीत उड्या मारल्या. व्हाइट वूल्फनेही मारली, आणि मूळ मालकांच्या आधी स्वतःचा राक्षसकोश बाजारात आणून दाखवला. ती चपळाई दाद देण्यासारखी होती. पण २००३ मध्ये मूळ गेमची सुधारित आवृत्ती आली आणि दुकानांतला इतरांचा माल एका फटक्यात शिळा झाला. जे दुकानदार त्यात अडकले, ते पुढे कुणाचंही नवं पुस्तक हातात घेताना दहादा विचार करू लागले.

आइसलंडच्या कंपनीने हे सगळं विकत का घेतलं? आणि तो मोठा ऑनलाइन गेम कुठे गेला?

‘ईव्ह ऑनलाइन’वाली सीसीपी. नोव्हेंबर २००६ मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण जाहीर झालं. वर सांगितलेली गोम लक्षात ठेवली तर हेतू लगेच कळतो. ऑनलाइन गेमला दरमहा वर्गणी येते, पुस्तकाला एकदाच पैसे मिळतात. हजारो लोक एकाच वेळी व्हॅम्पायर होऊन एका शहरात राजकारण करतील असा गेम अमेरिकेत, अटलांटाच्या कचेरीत बनवायचा होता. कागदावर यापेक्षा चांगली सोयरीक सापडली नसती.

प्रत्यक्षात ‘ईव्ह’ला गरज पडली की माणसं तिकडे. २०११ मध्ये सीसीपीने सुमारे एक पंचमांश कर्मचारी कमी केले आणि अटलांटाला जबर फटका बसला. १४ एप्रिल २०१४ रोजी गेम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि आणखी ५६ जणांची नोकरी गेली. जवळपास साडेसात वर्षं आणि हातात काही नाही. दरम्यान पुस्तकांचं खातं आटत आटत पीडीएफ आणि मागणीनुसार छपाईवर आलं होतं.

गंमत बघा, याच पडत्या काळात एक गोष्ट चुकून बरोबर झाली. २०११ मध्ये मास्करेडला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आगाऊ नोंदणी घेऊन एक भलंथोरलं स्मरणार्थ पुस्तक काढलं. सात वर्षांपूर्वी पुरलेलं जग, आणि त्यासाठी लोक आधी पैसे देऊन वाट बघायला तयार! कंपनीतले जुनेजाणते रिचर्ड थॉमस यांनी हे नेमकं हेरलं. २०१२ मध्ये त्यांनी ‘ओनिक्स पाथ’ काढली, परवाना घेतला आणि किकस्टार्टरवर एकेक पुस्तक आधी विकायचं, मग छापायचं, असा क्रम धरला. गोदाम नाही, परत येणारा माल नाही. माझ्या मते व्हाइट वूल्फचा खरा वारसा त्या दशकात तिथे होता, मालकाकडे नव्हता.

टीएसआर बुडाली तशीच ही गोष्ट आहे का?

रोग एक, मरणं वेगळी. टीएसआरने १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या हजार प्रती काढल्या आणि हा धंदाच जन्माला घातला. नव्वदीत त्यांनी इतकी वेगवेगळी जगं समांतर चालवली की एका जगाचा गिऱ्हाईक दुसऱ्याचं पुस्तक घेईना. माल पाठवला की वितरकाकडून पैसे मिळायचे, पण न खपलेला माल परत यायचा आणि ते पैसे फेडावे लागायचे. शेवटी परतीचे ढीग आले, छापखान्याची बिलं थकली, छपाई थांबली आणि १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने कंपनी घेतली. ते हृदयविकाराच्या झटक्यासारखं होतं. व्हाइट वूल्फ बर्फाच्या लादीसारखी विरघळली. कुठल्या दिवशी संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

२०१८ मधल्या चेचन्या प्रकरणाबद्दल दोन्ही बाजू सांगाल का?

थोडक्यात सांगतो, कारण दुसरी बाजू फारशी नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीडनच्या पॅराडॉक्स या कॉम्प्युटर गेम कंपनीने सीसीपीकडून व्हाइट वूल्फ विकत घेतली आणि स्वतंत्र कंपनी म्हणून पुन्हा उभी केली. २०१८ मध्ये ‘व्हॅम्पायर’ची पाचवी आवृत्ती आली. तिच्या एका पुरवणी पुस्तकात रशियाच्या चेचन्या प्रांतातल्या समलिंगी पुरुषांच्या छळाला व्हॅम्पायरांच्या कारस्थानाचा पडदा म्हणून वापरलं होतं. खरी माणसं तेव्हा खरोखर मार खात होती. गदारोळ झाला, नोव्हेंबरमध्ये पॅराडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढला आणि स्वतंत्र कंपनी मोडून टाकली. पुस्तकं परवान्यावर बाहेरच्यांकडे गेली. वेअरवुल्फची पाचवी आवृत्ती २०२३ मध्ये ‘रेनेगेड’ने छापली, ती याच व्यवस्थेतून.

संपादकाच्या टेबलावर निळ्या पेन्सिलने अडवायला हवी होती ती चूक, आणि शिक्षा अख्ख्या कंपनीला.

‘ब्लडलाइन्स २’ आपटला. आता पुस्तकंही बंद होणार का?

आधी हिशेब. पहिला ‘ब्लडलाइन्स’ नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी विक्रीला आला. म्हणजे हत्तीच्या पायाखालीच जन्म. बनवणारी ट्रॉयका पुढच्याच वर्षी बंद पडली, आणि चाहते मात्र वर्षानुवर्षं दुरुस्त्या करून तो खेळत राहिले. दुसरा भाग २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२१ मध्ये हार्डसूट लॅब्सकडून काढून घेतला, मग द चायनीज रूमकडे गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर पडला. महिन्याभरात पॅराडॉक्सने ३५.५ कोटी स्वीडिश क्रोनर बुडीत म्हणून लिहून टाकले आणि हा प्रकार आपल्या मुख्य कामाबाहेरचा आहे, असंही सांगितलं.

या रकमेपुढे पुस्तकाचा खर्च म्हणजे किरकोळ. कुणी फक्त पैसे वाचवायला पुस्तकं बंद करील असं मला वाटत नाही. भीती वेगळी आहे: लक्ष न देण्याची. २०२५ च्या मे महिन्यात पॅराडॉक्सने व्हाइट वूल्फ हे नाव पुन्हा बाहेर काढलं. नुसती पाटी रंगवली की आत माणसं बसवली, हे पुढच्या दोन-तीन पुस्तकांवरून कळेल. पाटी याआधीही रंगवून झालेली आहे.

उद्या कंपनी तुमच्या हातात दिली तर काय कराल?

देणार कोण! पण विचारलंच आहे तर सांगतो. सगळ्यात आधी एक पातळ पुस्तक काढेन, साठ-सत्तर पानांचं, जे घेऊन चार नवखे त्याच संध्याकाळी खेळू शकतील. या कंपनीच्या पुस्तकांत देखणेपण कायम होतं, पण पाचव्या आवृत्तीतही एखादा नियम शोधायला बसलं की मोहरी पाखडल्यासारखं होतं. मग वर्षाला दोन-तीनच पुस्तकं काढेन, पण जी आहेत ती कायम उपलब्ध ठेवेन. चाहत्यांना या जगात स्वतः लिहून विकता यावं अशी ‘स्टोरीटेलर्स व्हॉल्ट’ २०१७ पासून आहेच. तिथले चांगले लेखक हेरून त्यांना पगारावर घेईन. आणि कॉम्प्युटर गेमला परवाना जरूर देईन, पण पुस्तकांचं भवितव्य त्याच्या शेपटाला बांधणार नाही. २००६ पासून दोनदा तेच झालं आहे.

हे अशक्य नाही. याच धंद्यातली ‘केऑसियम’ ही कंपनी २०१५ मध्ये गाळात होती. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या नव्या आवृत्तीसाठी लोकांकडून घेतलेले पैसे खर्च झालेले, पुस्तकं मात्र रखडलेली. संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि ‘कथुलू’चे मूळ लेखक सँडी पीटरसन परत आले, मग ‘मून डिझाइन’ची मंडळी कारभारात आली आणि त्यांनी पहिलं काम केलं ते जुनी देणी फेडण्याचं. ज्याची त्याला पुस्तकं पोचवली. नवीन घोषणा नंतर. कंपनी आज धडधाकट आहे.

माझ्याकडे दुसऱ्या आवृत्तीची पुस्तकं आहेत. पाचवी घ्यावी की हीच पुरे?

हीच पुरेत, पण पाचवी एकदा खेळून बघा, फक्त एका गोष्टीसाठी. जुन्या गेममध्ये रक्त म्हणजे शिल्लक: कागदावर चौकोन, वापरलं की खूण करायची, प्यायलं की खोडायची. पाचव्या आवृत्तीत शिल्लक नाही, भूक आहे. भूक जितकी, तितके तुमचे नेहमीचे दहा पैलूंचे फासे बाजूला काढून त्यांच्या जागी लाल फासे घ्यायचे. लाल फाशावर दहा पडून मोठं यश मिळालं तर काम होतं, पण जनावरासारखं होतं. काम फसलं आणि लाल फाशावर एक असला, तर जनावर सुटतं. टेबलावर लाल फासे वाढायला लागले की बोलणी आपोआप हळू होतात, मी पाहिलं आहे.

जुनी पुस्तकं मात्र विकू नका. माझ्या पहिल्या पात्राचा कागद अजून आहे. रक्ताच्या चौकोनांच्या दुसऱ्या ओळीत, खोडरबर घासून घासून, बोटाच्या पेराएवढं भोक पडलं आहे.