पाहुणी दार लावून बसते तेव्हा

मी समुपदेशक आहे, आणि दिवाळी आटोपली की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. फोन बहुधा घरातल्या बाईचा असतो आणि आवाज दबलेला असतो, कारण जिच्याबद्दल बोलायचं ती भिंतीपलीकडेच असते. "मॅडम, आमच्याकडे एक्स्चेंजची मुलगी आहे. ऑगस्टमध्ये आली तेव्हा किती छान होती. आता कॉलेजमधून आली की खोलीचं दार लावून घेते. धड जेवत नाही. आम्ही काही म्हणजे काही कमी केलेलं नाही. आमचं काय चुकलं?"

ठाणे आणि नवी मुंबईत रोटरी क्लब पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात भाग घेतात. साधारण १५ ते १९ वयाची मुलं शिक्षणाचं एक वर्ष परदेशातल्या घरांत काढतात. आपली तिकडे, तिकडची आपल्याकडे. यजमान कुटुंबाला याचे पैसे मिळत नाहीत. मुलाला हातखर्चाची छोटी रक्कम क्लब देतो, आणि वर्षभरात शक्यतो दोन-तीन घरं बदलली जातात. म्हणजे यजमान घर हौसेनं पुढे आलेलं असतं, आणि म्हणूनच पाहुणीनं दार लावून घेतलं की त्या घराला ते फार लागतं. हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की शेवटी लिहायला बसले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नावं घेत नाही. ज्या घराबद्दल सांगते आहे तिथल्या बाईंना मी ताई म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

घोडबंदर रोडवरचं दोन बेडरूमचं घर. ताई, त्यांचे मिस्टर, सातवीतला मुलगा आणि सासरे. मोठी लेक याच कार्यक्रमातून ब्राझीलला गेलेली, आणि तिच्या रिकाम्या खोलीत डेन्मार्कमधल्या एका लहान गावातली १६ वर्षांची मुलगी.

पहिल्या भेटीत ताईंनी मला यादीच ऐकवली. नवीन गादी आणली. पास्ता, चीज, कॉर्नफ्लेक्सचा डबा कधी संपू दिला नाही. तिचे कपडे धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवते. ताट उचलू देत नाही. ती आली त्याच दिवशी मिस्टरांनी सी-फॉर्म, म्हणजे घरी परदेशी पाहुणा राहायला आल्याची सरकारला द्यायची माहिती, भरला, २४ तासांची मुदत असते म्हणून रात्री जागून. गणपतीत कोपिनेश्वराला नेलं, मासुंदा तलावावर फिरवलं, दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवरची गर्दी दाखवली. "आणि तरीही ती माझ्याकडे बघून नुसतं हसते, 'थँक्यू आई' म्हणते आणि आत जाते." मग त्यांचे डोळे भरून आले. "डिसेंबरात ती दुसऱ्या घरी जाणार, मॅडम. तिकडे जाऊन खुलली तर क्लबातली माणसं काय म्हणतील?"

माणसं काय म्हणतील याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, हे मला तेव्हाच जाणवलं. पण बोलणाऱ्याला तिथपर्यंत स्वतःहून पोहोचू द्यावं लागतं. मी फक्त एवढंच विचारलं, "ती घरात काय करते?"

"काय म्हणजे? काही नाही. मी तिला काही करूच देत नाही." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

मुलीला क्लबातल्या समुपदेशक बाई घेऊन आल्या. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी यजमान घराबाहेरची अशी एक व्यक्ती नेमलेली असते, आणि ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. मुलीच्या अंगात या कार्यक्रमातली मुलं घालतात तसा निळा ब्लेझर होता, देशोदेशीच्या मुलांशी अदलाबदल केलेल्या बिल्ल्यांनी भरलेला. बोलताना ती त्यातला एक बिल्ला सतत फिरवत होती. घरच्यांबद्दल एकही तक्रार नाही. सगळे फार चांगले आहेत, असं तिनं तीनदा सांगितलं. मी थांबून राहिले. मग ती हळूच म्हणाली, "मी एका खूप प्रेमळ हॉटेलात राहते."

तिच्या घरी आठवड्यातल्या एका दिवशीचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा. धाकट्या भावाला सायकलवरून शाळेत सोडायची तीच. इथे आल्यावर पहिले दोन आठवडे तिनं भांडी उचलायला हात पुढे केला. दर वेळी "नो नो, यू सिट" ऐकू आलं. "मग मला कळेना, बाहेर बसून मी करू काय? सगळे काहीतरी करत असतात आणि माझ्याकडे बघत असतात. जेवताना तर सगळेच बघतात. खोलीत निदान मी कुणाच्या वाटेत येत नाही."

कुणाच्या वाटेत येत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

परक्या देशात गेलेल्या माणसाची मनःस्थिती कशी वरखाली होते, हे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरोतल्या एका महिला मंडळापुढे सांगितलं होतं. आधी नव्याची नवलाई, मग चिडचिड आणि घराची ओढ, आणि मग हळूहळू रुळणं. ऑगस्टात आलेल्या मुलांचा तो मधला टप्पा बरेचदा आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतो. हे पालकांना सांगितलं की त्यांना धीर येतो, म्हणून मी सांगतेच. पण ते तेवढ्यावर सोडून देणं मला पटत नाही. "थांबा, आपोआप होईल" असं म्हटलं की घर काहीच बदलत नाही, आणि मुलगी दारामागे थांबून राहते.

माझा कल ॲडलरकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. आल्फ्रेड ॲडलर व्हिएन्नाचे डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी त्या शहरात मुलांसाठी सल्ला केंद्रं काढली आणि पालक-शिक्षकांच्या देखत मुलांचे प्रश्न सोडवले. त्यांच्या सगळ्या मांडणीतून मी एक गोष्ट उचलली आणि इतक्या वर्षांत ती मला कधी दगा देऊन गेली नाही: माणसाला आपण इथले आहोत असं वाटायला हवं असेल, तर आपल्यावाचून इथलं थोडंसं तरी अडतं हे त्याला दिसायला हवं. लाड करून आपलेपणा येत नाही. सासरी आलेली मुलगी, मुलाकडे राहायला आलेली आजी, निवृत्त झालेले वडील, सगळ्यांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे. परदेशी पाहुणीच्या बाबतीत ते वेगळं कसं असेल?

पण हे मी ताईंना सांगितलं असतं, तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन पुन्हा पास्ता केला असता. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत मी पाहुणीचा विषयच काढला नाही. विचारलं, "तुमची लेक कशी आहे?"

ताईंचा चेहरा बदलला. पहाटे सहाला उठून त्या तिला फोन करत. तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असत. "आता बरी आहे. सप्टेंबरात रोज रडायची. मी इकडे देवापाशी बसायचे आणि मनात म्हणायचे, मी या पोरीचं इतकं करते आहे, तिकडे माझ्या पोरीचं कुणीतरी करो."

तेच ते खाली दडलेलं. ताई घरातल्या मुलीसाठी करत होत्या आणि दुसऱ्या गोलार्धातल्या मुलीसाठीही करत होत्या. एका ताटात दोघींचं वाढत होत्या. म्हणून इथलं दार बंद झालं की त्यांना तिथलीही काळजी पोखरायची.

मी थोडा वेळ जाऊ दिला. मग विचारलं, "तिचं रडणं थांबलं कशानं?"

"कशानं म्हणजे... तिथल्या यजमान बाईंनी तिला कुत्रा फिरवायला सांगितला. रोज संध्याकाळी. शिवाय जेवणानंतर भांडी लावायची. मला तर रागच आला होता, मॅडम. आमच्याकडे तिनं कधी चहाचा कप विसळला नाही, आणि तिकडे तिला कामाला लावलं. पण ती सांगत होती, आई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला मला आता कुत्र्याच्या नावानं ओळखतो. त्या दिवसापासून..."

त्या मध्येच थांबल्या. हातातला रुमाल तसाच राहिला. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि आम्ही दोघी काही बोललो नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये. मला ते शिकायला बरीच वर्षं लागली.

"म्हणजे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी हिला एक कुत्रासुद्धा दिला नाही."

माझ्या कामात असे क्षण थोडे येतात. आले की मी घरी जाताना रिक्षा न करता चालत जाते. त्या दिवशीही चालत गेले.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. त्यांनी जमिनीवर पेपर पसरला होता, मेथीच्या दोन जुड्या टाकल्या होत्या आणि मुलीला समोर बसवलं होतं. पानं कशी खुडायची, कोवळा देठ घ्यायचा, जून टाकायचा, पिवळं पान बाजूला. मुलीनं एकेक पान उजेडाकडे धरून बघितलं. आजोबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले आणि प्रत्येक पानाला "येस" किंवा "नो" म्हणू लागले. "मॅडम, दीड तास लागला. मी दहा मिनिटांत उरकलं असतं."

"ताई, त्या दीड तासात ती कुठे होती?"

पलीकडे क्षणभर शांतता. "बाहेर. माझ्यासमोर."

आता ज्यांच्या घरी असं मूल आहे, किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी.

काम द्या, पण ते तुमच्या मुलांना देता तसं असू दे. मोलकरीण आली नाही म्हणून भांडी पाहुणीनं घासायची, हे अजिबात नाही. ती क्लबच्या विश्वासावर आलेली विद्यार्थिनी आहे. छोटं, रोजचं आणि तिच्याच नावावर असलेलं काम निवडा: झाडांना पाणी, पानं घेणं, आजोबांना संध्याकाळी खाली सोडणं. आणि तिनं केलेलं काम तिच्या मागे पुन्हा करू नका. तिनं निवडलेली मेथी तुम्ही परत निवडायला बसलात, तर आपल्या कामाला इथे किंमत नाही, हे ती ओळखेल. भाजीत चार जून देठ आले तर येऊ देत.

ताटाकडे बघणं थांबवा. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे, मला त्याचं मोल कळतं. मी कोकणातल्या घरात वाढले आहे. पण ज्या मुलीला "नको" म्हणजे "नको" असं शिकवलं आहे, तिला चौथ्यांदा वाढलेली पोळी धाकासारखी वाटते. एकदा विचारा, मग वाटी मध्ये ठेवा. ताईंच्या घरी सगळे बघायचे थांबले, तेव्हा ती आठवड्याभरात वरणभात हातानं कालवायला लागली.

दाराबद्दल मात्र उघड बोला. आपल्या घरांत दिवसाढवळ्या लावलेलं दार म्हणजे रुसवा. ती वाढली तिथे ते नुसतं दार असतं, आत येणारा टकटक करतो आणि उत्तराची वाट बघतो. ताईंचा मुलगा धाडकन आत शिरायचा, म्हणून ती कडी लावायची, आणि कडीचा आवाज आला की ताईंचं काळीज हलायचं. आम्ही एवढंच ठरवलं: टकटक करून थांबायचं, आणि संध्याकाळी सात ते जेवणापर्यंत दार उघडं. त्या खोलीच्या भिंतीवर लेकीची पदकं आणि फोटो होते. त्यांतली एक भिंत रिकामी करून दिली. दुसऱ्या दिवशी तिथे तिच्या धाकट्या भावाचा फोटो लागला.

घरी फोन करण्यावर बंदी घालू नका, पण तासन्‌तास चालणारे फोन रुजणं लांबवतात. दिवस आणि वेळ तिच्याशी बोलून ठरवा. मराठी शिकवा, आणि ती चुकली की सगळ्यांनी एकदम हसू नका.

एक गोष्ट मी दर वेळी ठामपणे सांगते. बंद दारामागे नेहमी मेथीनं सुटणारी अडचण असेल असं नाही. झोप उडाली असेल, वजन झपाट्यानं उतरत असेल, अंघोळ-कॉलेज सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली असेल, किंवा घरातल्या वा बाहेरच्या एखाद्या माणसाचं नाव निघताच ती आक्रसत असेल, तर वाट बघू नका. त्याच दिवशी क्लबाच्या समुपदेशकाला आणि रोटरीच्या जिल्हा पातळीवरच्या युवा विनिमय अधिकाऱ्याला सांगा, डॉक्टरांकडे न्या. आपल्या घराचं नाव जाईल म्हणून गप्प बसणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. आणि कुणा विशिष्ट माणसामुळे ती घाबरते असं दिसलं, तर त्या माणसाला विचारत बसण्याआधी मुलीला सुरक्षित करा.

डिसेंबरात ठरल्याप्रमाणे ती दुसऱ्या घरी गेली, पाचपाखाडीत. त्या रात्री ताईंचा मेसेज आला. सामान गाडीत ठेवून झाल्यावर ती पुन्हा वर आली होती. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं काम तिच्याकडे होतं, आता ते कुणाकडे देणार, असं विचारत होती. ताईंनी लिहिलं होतं: "मी म्हटलं, बाकीचे दिवस आजोबा घालतील, रविवार तुझा."