अमेरिकेत प्रीमेड (मेडिकल स्कूलच्या आधीची कॉलेजातली तयारी) करताना स्टॅटिस्टिक्सचा कुठला कोर्स घ्यावा? मॅथ डिपार्टमेंटचा, सायकॉलॉजीचा की बायोस्टॅट?

तू सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. थोडक्यात सांगायचं तर बायोस्टॅट, म्हणजे आरोग्य आणि बायोच्या डेटाचं स्टॅटिस्टिक्स, घे. आता का ते सांगतो, कारण मी नेमकं उलटं करून तोंडावर पडलोय.

आपल्या मराठी घरात गणित म्हटलं की सगळ्यात अवघड तेच घ्यायचं, बाकीचं सगळं 'लाइट', हे डोक्यात बसलेलं असतं. मी पण मॅथ डिपार्टमेंटचा कॅल्क्युलसवाला प्रोबॅबिलिटीचा कोर्स घेतला, तोही ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्याच सेमिस्टरला, म्हणजे आ बैल मुझे मार. सगळं सेमिस्टर इंटिग्रल सोडवण्यात गेलं, शेवटी बी मायनस आला आणि खऱ्या पेशंटचा डेटा एकदाही बघितला नाही. वर ॲमकासमध्ये (मेडिकल स्कूल्सना अर्ज करायची कॉमन सिस्टिम) स्टॅट्स मॅथ म्हणून धरतात, त्यामुळे तो ग्रेड बायो-केमिस्ट्री-फिजिक्सबरोबर सायन्स जीपीएत जाऊन बसला तो बसलाच.

एमकॅटला, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेला, तर कॅल्क्युलेटरही मिळत नाही, तिथे लांबलचक गणितं नसतातच. ग्राफ वाचता येतो का, एरर बार कळतात का, पी-व्हॅल्यूवरून काय म्हणता येतं आणि काय नाही, स्टडीचं डिझाइन कुठे गंडलंय, हे बघतात.

आणि बायोस्टॅटमध्ये जे दोन बाय दोनचं टेबल (आजार आहे-नाही, टेस्ट पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) शिकवतात ना, ते पुढे स्टेप वनपर्यंत, म्हणजे डॉक्टरकीच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेपर्यंत, पाठ सोडत नाही. समज १००० लोकांत १० जणांना आजार आहे, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के आणि स्पेसिफिसिटीही (निरोगी लोकांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के. १० पैकी ९ जण पकडले, झकास. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांची टेस्ट पण पॉझिटिव्ह येणार! म्हणजे १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी फक्त ९, साधारण ८ टक्के. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा खोडून परत केलं, वाटलं माझंच चुकतंय.

सायकॉलॉजीवाला कोर्स वाईट नाहीये, उलट टी-टेस्ट, अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायच्या पद्धती) तिथे छान समजावतात. फक्त काही मेडिकल स्कूल्स 'स्टॅट्स किंवा बायोस्टॅट' असं स्पष्ट लिहितात, तिथे तो चालेल का हे आधी विचारून घे. प्रत्येक स्कूलला काय लागतं ते एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) एमएसएआर या ऑनलाइन यादीत मिळेल. हायस्कूलमध्ये एपी स्टॅट्स (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) केलं असेल तरी तिथेच बघ, काही जण ते क्रेडिट धरतात, काही नाही धरत.

रजिस्टर करायच्या आधी प्रोफेसरला ईमेल टाकून जुना सिलॅबस माग. त्यात आर किंवा एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर खरा डेटा घेऊन प्रोजेक्ट असेल तर डोळे झाकून घे, रिसर्च लॅबमध्ये शिरताना 'डेटा हाताळलाय' एवढं सांगता येतं. आणि ऑरगोच्या सेमिस्टरला नको रे बाबा.