वाचकांचे प्रश्न : घरच्या सर्व्हरसाठी कोणतं मशीन?

प्रश्न : चौथ्या पिढीचा कोअर आय5 डेस्कटॉप घरी पडून आहे, रॅम 8 जीबी. दीड टीबी फोटो आणि साधारण 2 टीबी सिनेमे त्यावर ठेवून दोन टीव्हींवर बघायचे आहेत. हाच वापरावा की इंटेलच्या कमी विजेच्या एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी घ्यावा? (अकोला)

उत्तर : फाइली ठेवण्यासाठी हे मशीन आणि 8 जीबी रॅम भरपूर आहे. गिगाबिट लॅनवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास वेग मिळतो, तेवढा ते सहज देईल. अडतं ते व्हिडिओपाशी. टीव्हीने फाइल जशीच्या तशी घेतली तर सर्व्हरला ती नुसती पाठवायची असते. टीव्हीला ती झेपत नसेल तर सिनेमा चालू असतानाच तिचा फॉरमॅट बदलावा लागतो, म्हणजे ट्रान्सकोडिंग. चौथ्या पिढीची क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधली व्हिडिओची खास सोय, एच.264 हा जुना व्हिडिओ फॉरमॅट करते, पण 4के सिनेमांमध्ये सर्रास असणारा 10 बिट एचईव्हीसी हा नवा फॉरमॅट तिला येत नाही. ती सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर, आणि चित्र अडकत राहतं.

तरी लगेच खरेदी करू नका. आहे त्याच मशीनवर जेलीफिन (टीव्हीवर सिनेमे पुरवणारं सॉफ्टवेअर) टाका, सगळ्यात जड चार-पाच फाइली दोन्ही टीव्हींवर लावा आणि त्याचा डॅशबोर्ड बघा. फाइल थेट चालली की ट्रान्सकोड झाली हे तिथे दिसतं, कारणासकट. पुष्कळदा कारण निघतं ते सबटायटलचं : ब्लू-रेवरची पीजीएस सबटायटलं ही चित्रं असतात, आणि ती टीव्हीला झेपली नाहीत तर चित्रावर छापून द्यावी लागतात. त्याजागी एसआरटी, म्हणजे नुसत्या मजकुराची सबटायटलं, ठेवली की काम भागतं. दुसरी खोच टीव्हीच्या लॅन पोर्टची. अनेक टीव्हींवर तो 100 मेगाबिटचाच असतो, त्यामुळे जड 4के फाइल केबलवर अडकते आणि 5 गिगाहर्ट्झ वायफायवर नीट चालते.

एवढं करूनही घ्यावंच लागलं, तर एन100 ट्रान्सकोडिंग उत्तम करतो आणि वीजही कमी खातो. पण बहुतेक मिनी पीसींत साडेतीन इंची डिस्क बसत नाही. मग ती यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात जाते, आणि डब्याला स्वतःचा 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. आमची पसंती आठव्या पिढीच्या आय5 च्या वापरलेल्या ऑफिस डेस्कटॉपला. घेताना झाकण उघडून साडेतीन इंची डिस्कच्या जागा आणि डिस्क जोडायचे साटा पोर्ट मोजून घ्या. विजेचा हिशेब सोपा आहे : सतत चालणारे 10 वॅट म्हणजे महिन्याला 7.2 युनिट. आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात सर्व्हर टीव्हीच्या बंदिस्त कपाटात ठेवू नका, डिस्क 45 अंशांच्या आत राहायला हवी.

प्रश्न : नॅसची (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीची) डिस्कच घ्यावी का? आणि दोन डिस्क रेड 1 मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा राहील अशा, लावल्या तर बॅकअप वेगळा हवा का? (ठाणे)

उत्तर : लेबलवर 'नॅस' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर ते बघा. ही डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धतींची नावं. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सिनेमे साठवायला ते चालतं, पण रेडमध्ये नवी डिस्क भरताना वेग कोसळतो. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या 'रेड' नावाच्या मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. डब्ल्यूडीची 'रेड प्लस' आणि सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहेत.

दोनच डिस्क असतील तर रेड करूच नका. चुकून पुसलेला अल्बम रेड 1 मध्ये दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो, आणि विजेचा झटका दोन्ही डिस्क एकदम मारू शकतो. दुसरी डिस्क दर आठवड्याला जोडा, बॅकअप घ्या, काढून ठेवा. फोटोंची तिसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्या.

नवी डिस्क आली की सिरीयल नंबर टाकून भारतातली वॉरंटी तपासा. मग स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लांब चाचणी लावा, 8 टीबीला बारा-चौदा तास, कधी त्याहून जास्तही लागतात. अहवालात 5, 197 किंवा 198 या क्रमांकांच्या, खराब जागा मोजणाऱ्या ओळींपुढे कच्चा आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य नसेल तर डिस्क परत करा.

प्रश्न : घरात इन्व्हर्टर आहे, यूपीएस लागेल का? (रत्नागिरी)

उत्तर : इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर नसेल तर वीज जाताना लागणारा क्षणभराचा वेळही मशीन रीस्टार्ट करायला पुरतो. 600 व्हीएचा यूपीएस पुरेल, मात्र यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या. त्या केबलवरून सर्व्हरला बॅटरी उतरल्याचं कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो.