२ मीटर, १६ सेकंद, ऑफशोअर वारा: जायचं का?

तू विचारलंयस की लाटांचा अंदाज उंची २ मीटर, पिरियड (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) १६ सेकंद आणि सकाळी ऑफशोअर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा दाखवतोय, बीच लांबचा, खाली खडकाळ रीफ, आणि नेहमीच्या बीचवर २ मीटर ८ सेकंदात तू आरामात सर्फ करतोस तर इथे जमेल ना. मित्रा, हे २ मीटर तुझ्या ओळखीचे २ मीटर नाहीत. का ते नीट सांगतो, कारण यात चांगले मुरलेले लोकही फसतात.

खोल समुद्रात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर असते आणि १६ सेकंदांची ४००, म्हणजे पिरियड दुप्पट झाला की लांबी चौपट. आणि लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे ८ वालीला ५० मीटरवर आणि १६ वालीला पार २०० मीटरवर. ती कितीतरी आधीपासून वळायला लागते, पाण्याखालचे उंचवटे तिला एका जागी गोळा करतात, आणि उथळात आली की उठते पण जास्त. ढोबळ हिशोबाने तुझी ८ सेकंदवाली अडीच मीटरच्या आत फुटेल, १६ वाली ३ मीटरच्या वर, ते पण रीफने ती गोळा केली नाही असं धरून. ताकद दुप्पट ती वेगळीच.

अजून एक, अंदाजातले २ मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे, सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. हजारात एखादी त्याच्या जवळपास दुप्पट येते. १६ सेकंदांनी एक धरली तर हजार लाटा साडेचार तासांत होतात, म्हणजे ती तुझ्या एका लांब सेशनमध्येच येऊ शकते.

वाऱ्याचं म्हणशील तर पहाटेचा मतलई वारा हलका असेल, ताशी १०-१५ किलोमीटर, तर सोनं आहे, लाटेचा चेहरा उभा धरून ठेवतो. पण ३० च्या वर गेला की टेकऑफला, म्हणजे लाट पकडून बोर्डवर उभं राहताना, बोर्डचं नाक उचलतो, डोळ्यात फवारा येतो, काही दिसत नाही, आणि तू अर्धा सेकंद उशिरा उभा राहतोस, रीफवर तेवढा उशीर खूप झाला. आणि लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली तर हाच वारा तुझा बोर्ड समुद्राकडे घेऊन जातो, गर्दीच्या बीचवर कोणीतरी आणून देईल, इथे नाही. उन्हं चढली की खारा वारा सुरू होतो आणि सगळं विस्कटतं, तेव्हा वेळ तशी पण थोडीच मिळते.

भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघ, पण नुसती भरती कधी आणि ओहोटी कधी एवढं बघून भागत नाही. सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण फरकाच्या जवळजवळ निम्मं पाणी उतरतं. उधाणाचे दिवस असतील आणि फरक ३ मीटरचा असेल तर दोन तासांत दीड मीटर पाणी गेलं, आत शिरलास तेव्हा जो रीफ ठीक होता त्यावर बाहेर येताना गुडघाभर पाणी असेल.

आता माझं सांगतो. अशाच एका जागी मी वरून वीस मिनिटं बघितलं, छातीएवढ्या स्वच्छ लाटा, आणि उंचावरून सगळं छोटंच दिसतं. उतरताना खडकावर पाण्यापासून खूप वरपर्यंत ओल होती, खळग्यांमधून अजून पाणी ठिबकत होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. आत पोचल्यावर दहा मिनिटांत सेट (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट) आला तो आम्ही बसलो होतो त्याच्या बराच बाहेर, समुद्राच्या बाजूला फुटला, दुसऱ्या लाटेत लीश गेली, आणि त्यानंतरचं पोहणं मला अजून आठवतं. लांब पिरियडच्या स्वेलमध्ये, म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या लाटांमध्ये, दोन सेटच्या मधे अर्धा अर्धा तास शांत जाऊ शकतो. म्हणून कमीत कमी एक तास बस, घड्याळ लावून, प्रत्येक सेट किती लाटांचा आणि कुठे फुटला, चॅनल (जिथे लाटा फुटत नाहीत ती आत-बाहेर करायची खोल वाट) त्या वेळी उघडा राहिला का बंद झाला, हे लिहून काढ.

माझं मत विचारशील तर पहिल्या दिवशी नको. लांब पिरियडच्या लाटा जोरात पळतात म्हणून आधी पोचतात. वादळ ३००० किलोमीटरवर असेल तर १६ सेकंदवाल्या साधारण पावणेतीन दिवसांत येतात आणि १२ वाल्या पावणेचार दिवसांत. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा पार अलास्कापर्यंत याच हिशोबाने मोजत नेल्या होत्या. तर एक दिवस थांब, पिरियड १२-१३ वर येऊ दे, मग पहाटे, पाणी चढत असताना, तुझ्याइतकेच तयार दोघं बरोबर घेऊन आणि जादा लीश ठेवून जा. आणि बाहेर यायच्या दोन जागा आधी पायी जाऊन बघून ये, एक चढत्या पाण्यातली आणि एक उतरत्या.

भरतीच्या वेळा आणि स्वेल कुठल्या दिशेने येतोय ते कळव, आत कुठून शिरायचं ते त्यावरून सांगतो.