सॅमन शिजवताना घाई नको

सॅमन ओव्हनमधून काढला की कडेने पांढऱ्या गुठळ्या दिसतात आणि मासाही कोरडा लागतो. मासा शिळा असतो का?

नाही, ताज्या माशालाही हे होतं. आच जास्त झाली की स्नायूंचे तंतू आकसतात, आतलं पाणी प्रथिनासकट बाहेर पिळलं जातं आणि ते प्रथिन वर येऊन थिजतं. त्या गुठळ्या खायला काहीच हरकत नाही, फक्त त्या आचेची चुगली करतात.

पुढच्या वेळी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवा, तुकडे त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग फडक्याने नीट टिपून घ्या. तेलाचा हात फिरवून १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवा. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा माशाकडे बघा. इथे रंगावर मात्र जाऊ नका. एवढ्या मंद आचेवर शिजलेला सॅमन वरून कच्चाच वाटतो, तसाच केशरी आणि ओलसर. म्हणून भले भले तो पुन्हा आत सरकवतात आणि चांगला शिजलेला मासा वाया घालवतात. सर्वांत जाड भागावर चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा. पापुद्रे एकमेकांवरून सरकले की झालं. थर्मामीटर असेल तर मधोमध ५० ते ५२ अंश दिसले की बाहेर काढा. रानटी, म्हणजे मत्स्यशेतीत न वाढवलेल्या सॅमनमध्ये चरबी कमी असते, तो त्याच्याही थोडा आधी काढावा.

ओव्हन नाही. गॅसवर जमेल?

उत्तम जमेल. पसरट पातेल्यात मासा बुडेल एवढं पाणी घ्या. त्यात कांद्याच्या चकत्या, तमालपत्र, चार मिरे आणि लिंबाची एक फोड टाका. दहा मिनिटं उकळू द्या म्हणजे पाण्याला चव येते. मग आच मंद करा, खळखळ थांबली की मासा सोडा, झाकण ठेवा आणि गॅस बंद करा. दहा-बारा मिनिटांत तो त्या उष्णतेवरच शिजतो. खळखळत्या उकळीत टाकलात तर तुकडा फुटेल आणि पहिल्या प्रश्नातल्या गुठळ्या इथेही भेटतील. मासा मिठाच्या पाण्यात ठेवला असेल तर या पाण्यात मीठ घालू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

लोणी-लिंबाचा सॉस दर वेळी फाटतो, तेल वेगळं तरंगतं. काय चुकतं?

लोणी वितळवून घेत असाल किंवा सॉस उकळत असाल. मासा शिजवलेलं पाणी गाळून त्यातलं अर्धी वाटी घ्या आणि तीन-चार चमचे उरेपर्यंत आटवा. (आधीच खारट असेल तर आटवल्यावर तोंडात घालवणार नाही.) भांडं खाली उतरवा. फ्रिजमधलं थंडगार लोणी, अंदाजे ५० ग्रॅम, बारीक तुकडे करून एकेक टाकत फेटत राहा. एक विरघळला की दुसरा. सॉस सायीसारखा दाटेल. शेवटी चमचाभर मोहरीचा सॉस, लिंबाचा रस आणि चिरलेला शेपू घाला. फाटू लागलाच तर चमचाभर थंड पाणी घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतो.

एवढा खटाटोप नको असेल तर घट्ट दह्यात लिंबाची किसलेली साल, ठेचलेला लसूण, शेपू आणि मीठ कालवा. हे गरम करायचंच नाही. खरं सांगायचं तर मला लोण्यापेक्षा हेच जास्त आवडतं. सॅमन मुळात तेलकट, त्याला आंबट काहीतरी हवंच.

घरात गरोदर सून आहे. तिला असा मऊ सॅमन चालेल?

५० अंशांवर काढलेला नको. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यासाठी मध्यभागी ६३ अंश होऊ द्या. अमेरिकेच्या सरकारी अन्नसुरक्षा सूचनांमध्ये माशासाठी हाच आकडा आहे. तिचा तुकडा वेगळ्या ताटलीत ठेवून आणखी थोडा वेळ शिजवा. थोडा कोरडा होईल, म्हणून तिला सॉस जास्त वाढा.

मंद आचेवर कातडी कुरकुरीत कशी करायची?

होत नाही. शिजल्यावर ती अलगद सोलून निघते. टिपून कोरडी करा, गरम तव्यावर थोड्या तेलात उलथन्याने दाबून कडक परता आणि वरून चुरडून घाला.